बातमीपासून पळणारी आई

मुलगा युद्धावर गेला आहे. त्याच्या मृत्यूची वार्ता आणणाऱ्यांना आपण घरी सापडलोच नाही तर ती खरी ठरणार नाही, या वेड्या आशेने ओरा गॅलिलीच्या डोंगरवाटा तुडवते. इस्राएली लेखक डेव्हिड ग्रॉसमन यांनी ही हिब्रू कादंबरी २००३ मध्ये लिहावयास घेतली.

१० ऑगस्ट २००६ रोजी ग्रॉसमन, आमोस ओझ आणि ए. बी. येहोशुआ यांनी लेबनॉनमधील युद्ध थांबवण्याचे जाहीर आवाहन केले. दोनच दिवसांनी, रणगाड्यावर क्षेपणास्त्र आदळून ग्रॉसमन यांचा २० वर्षांचा मुलगा उरी मारला गेला. युद्धविराम लागू झाला १४ ऑगस्टला.

कादंबरी तोवर बहुतांशी लिहून झाली होती. ज्यू रिवाजाचे सात दिवसांचे सुतक संपताच ग्रॉसमन तिच्याकडे परतले. हे धैर्य की निव्वळ निरुपाय, कोण सांगणार? २००८ मध्ये ती प्रसिद्ध झाली. ओराच्या मुलाचे काय झाले, हे तिच्या अखेरीसही कळत नाही.