वर्गाशेजारची खोली : अमेरिकी विद्यापीठांतील वंशसमतेची लढाई

गेल्या व्याख्यानात आपण १८९६ च्या प्लेसी खटल्यापर्यंत येऊन थांबलो होतो. रेल्वेच्या डब्यावरून झालेला तो खटला. 'वेगळे, पण समान' हे सूत्र अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तिथे मान्य केलं, आणि पुढे अर्धशतकाहून अधिक काळ दक्षिणेकडच्या राज्यांनी त्यातला 'वेगळे' हा शब्द अगदी काटेकोरपणे पाळला. 'समान' या शब्दाची आठवण फारशी कुणाला राहिली नाही. हे सूत्र पुढे विद्यापीठांच्या दारात अडखळलं. ते कसं, हे आज आपल्याला पाहायचं आहे.

बहुतेकांना १९५४ चा ब्राउन खटला ठाऊक असतो. तो शाळांचा. पण शाळांच्या आधी लढाई झाली ती वकिलीच्या कॉलेजांवरून आणि पदव्युत्तर वर्गांवरून. असं उलटं का? पायापासून सुरुवात करायची सोडून एकदम कळसाला हात का घातला? त्यामागे चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन नावाच्या माणसाचा हिशेब होता. ह्यूस्टन हार्वर्डमध्ये कायदा शिकलेले. वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठातलं, प्रामुख्याने कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचं वकिलीचं कॉलेज त्यांनी नावारूपाला आणलं. थर्गुड मार्शल हे त्यांचेच विद्यार्थी. पुढे मार्शल सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले.

ह्यूस्टन यांनी पाहिलं, की काळ्या मुलांसाठी वेगळी शाळा काढणं राज्याला सोपं आहे. चार भिंती, एक मास्तर, झाली शाळा. पण वेगळं वकिलीचं कॉलेज? वेगळा डॉक्टरेटचा विभाग? दक्षिणेतल्या बहुतेक राज्यांत कृष्णवर्णीयांसाठी सरकारी वकिलीचं कॉलेज नव्हतंच. म्हणजे 'समान' काय आहे याची तुलना करायला दुसऱ्या पारड्यात काही ठेवलेलंच नाही. काढायचं म्हटलं तर दोन-चार विद्यार्थ्यांसाठी अख्खं कॉलेज उभारावं लागणार. आणि आणखी एक बारीक गोष्ट. खटला ऐकणारे न्यायाधीश स्वतः वकिलीच्या शिक्षणातून वर आलेले. प्राथमिक शाळेत काय चालतं हे त्यांना सांगावं लागलं असतं, वकिलीच्या कॉलेजात काय चालतं ते त्यांना सांगायची गरज नव्हती.

पहिला मोठा निकाल आला १२ डिसेंबर १९३८ रोजी. लॉइड गेन्स हा मिझुरीतला तरुण. त्याचा अर्ज राज्याच्या विद्यापीठाने नाकारला आणि वर उदारपणे सांगितलं, शेजारच्या राज्यात जा, फी आम्ही भरतो. (खटल्याच्या नावात 'गेन्स विरुद्ध कॅनडा' असं येतं. ऐकणाऱ्याला वाटतं दोन देशांचं भांडण आहे. कॅनडा हे तिथल्या रजिस्ट्रारचं आडनाव.) न्यायालय म्हणालं, शेजारी काय देतो हा प्रश्नच नाही. गोऱ्या विद्यार्थ्याला जे तुमच्या राज्यात मिळतं ते याला तुमच्याच राज्यात मिळतं का, एवढंच बोला. मिझुरीने काय करावं? सेंट लुईसमध्ये सौंदर्यप्रसाधनं शिकवणाऱ्या एका बंद पडलेल्या संस्थेच्या इमारतीत काळ्यांसाठी वकिलीचं कॉलेज थाटलं! गेन्स तिथे गेला नाही. १९३९ च्या मार्चमध्ये शिकागोत 'पोस्टाची तिकिटं घेऊन येतो' असं सांगून तो बाहेर पडला, तो पुन्हा कुणाला दिसला नाही. त्याचं काय झालं हे आजवर उलगडलेलं नाही. २००६ साली मिझुरी विद्यापीठाने त्याला कायद्याची मानद पदवी दिली.

मग महायुद्ध आलं. ते संपल्यावर १९४६ साली टेक्सासमध्ये हेमन स्वेट याने आणि ओक्लाहोमात एडा लोइस सिप्युएल हिने वकिलीच्या कॉलेजांत अर्ज केले. त्याच वर्षी आपल्या बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहून, अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या होत्या. हे मुद्दाम सांगतो, कारण या प्रश्नाकडे महाराष्ट्राचं लक्ष नवीन नव्हतं. जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामीविरुद्ध झटलेल्या लोकांनाच.

स्वेट हा ह्यूस्टन शहरातला पोस्टमन. त्याचा अर्ज आल्यावर टेक्साससारख्या श्रीमंत राज्याने घाईघाईने ऑस्टिनमध्ये एका तळघरात वेगळं कॉलेज उघडलं, पुढे ते ह्यूस्टनला हलवलं. आकडे पाहा. टेक्सास विद्यापीठाच्या वकिलीच्या कॉलेजात १६ पूर्णवेळ प्राध्यापक, ८५० विद्यार्थी आणि ६५,००० ग्रंथ. सर्वोच्च न्यायालयात खटला उभा राहिला तोवर नव्या कॉलेजात ५ प्राध्यापक, २३ विद्यार्थी आणि १६,५०० ग्रंथ. इथवर हिशेब सोपा आहे. पण न्यायालय एक पाऊल पुढे गेलं. त्याने विचारलं, मोजता न येणाऱ्या गोष्टींचं काय? प्राध्यापकांचा लौकिक, माजी विद्यार्थ्यांचं वजन, संस्थेची परंपरा. आणि तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ज्या राज्यात ८५ टक्के लोक गोरे, उद्याचे बहुतेक वकील, न्यायाधीश, साक्षीदार, ज्यूरी त्यांच्यातले, त्यांच्यापैकी एकालाही जिथे प्रवेश नाही तिथे शिकून कुणी वकिली कशी करायची? कायदा पोकळीत शिकता येत नाही, असा या म्हणण्याचा रोख होता.

तरीही राज्याला एक पळवाट राहतेच. आत घ्या, पण आतल्या आत वेगळं बसवा. ओक्लाहोमाने तेच केलं, आणि आमच्या मते या सगळ्या इतिहासातलं सर्वांत बोधप्रद प्रकरण ते आहे.

जॉर्ज मॅकलॉरिन हे वयाने प्रौढ गृहस्थ, एम.ए.ची पदवी असलेले. त्यांना शिक्षणशास्त्रात डॉक्टरेट करायची होती. १९४१ च्या कायद्याप्रमाणे ओक्लाहोमात काळ्या-गोऱ्यांना एकत्र शिकवणं हा गुन्हा होता. तो चालवणाऱ्याचा गुन्हा, शिकवणाऱ्याचा गुन्हा आणि शिकणाऱ्याचासुद्धा. १९४८ मध्ये खालच्या न्यायालयाने मॅकलॉरिन यांच्या बाजूने कौल दिल्यावर कायदा बदलला गेला, पण त्यात एक शेपूट जोडलं : प्रवेश द्यावा, तो विभक्त पद्धतीने. म्हणजे काय, तर वर्गाला लागून असलेल्या एका खोलीत त्यांची खुर्ची टाकली. मधल्या उघड्या जागेतून त्यांनी फळा पाहायचा आणि व्याख्यान ऐकायचं. ग्रंथालयात त्यांचं टेबल पोटमाळ्यावर. खालच्या अभ्यासिकेत बसायची परवानगी नाही. कॅन्टीनमध्ये ठरावीक टेबल, आणि जेवायची वेळही इतरांहून वेगळी. खटला चालू असताना व्यवस्था थोडी थोडी सैल होत गेली. खोलीतून वर्गात आणलं, पण भोवती कठडा आणि त्यावर 'कृष्णवर्णीयांसाठी राखीव' अशी पाटी. मग कठडाही गेला, काळ्यांसाठी नेमलेली रांग राहिली. कॅन्टीनची वेळ एक झाली, टेबल वेगळंच.

आता राज्याचं म्हणणं नीट ऐका, कारण ते वरवर चूक वाटत नाही. प्राध्यापक तेच, व्याख्यान तेच, पुस्तकं तीच, पदवीही तीच. मग या माणसाचं नुकसान काय झालं? खुर्ची दोन हात इकडे की तिकडे, एवढाच ना फरक!

५ जून १९५० रोजी, स्वेटच्या निकालाच्याच दिवशी, न्यायालयाने एकमताने उत्तर दिलं. सरन्यायाधीश व्हिन्सन यांनी लिहिलेल्या निकालाचा आशय असा, की या निर्बंधांमुळे मॅकलॉरिन यांच्या अभ्यासाला, इतर विद्यार्थ्यांशी चर्चा आणि विचारांची देवाणघेवाण करण्याला, एकूण आपला व्यवसाय शिकण्यालाच बाध येतो. हा माणूस उद्या इतरांना शिकवणार आहे. याचं शिक्षण अपुरं राहिलं तर त्याच्या विद्यार्थ्यांचंही राहील.

आम्ही पडलो तत्त्वज्ञानाचे मास्तर. आम्हाला यात कायद्यापेक्षा ज्ञानाविषयीचं एक विधान दिसतं. ज्ञान म्हणजे प्राध्यापकाच्या तोंडून विद्यार्थ्याच्या कानात ओतायचा पदार्थ असेल, तर शेजारच्या खोलीत बसूनही ते पूर्ण मिळतं आणि ओक्लाहोमाचं म्हणणं बरोबर ठरतं. ते माणसामाणसांत घडत असेल, शेजाऱ्याच्या शंकेतून, कॅन्टीनमधल्या वादातून, तर कठडा ज्ञानातच उभा राहतो. जॉन ड्यूई यांनी १९१६ च्या 'डेमॉक्रसी अँड एज्युकेशन' या ग्रंथात लोकशाहीचा विचार सहजीवनाची पद्धत म्हणून केला आहे. ते कोलंबिया विद्यापीठात शिकवत, आणि १९१३ ते १९१६ या काळात सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर तिथे शिकणारे डॉ. आंबेडकर त्यांचे विद्यार्थी. त्यांना हे पुस्तकातून कळायची गरजही नव्हती म्हणा. साताऱ्याच्या शाळेत ते कोपऱ्यात वेगळ्या तरटावर बसत. शाळा झाडणारा गडीसुद्धा त्या तरटाला शिवत नसे, म्हणून रोज ते घरी न्यायचं आणि दुसऱ्या दिवशी परत आणायचं. मास्तर तेच, फळा तोच.

१९५० हे वर्ष आपल्याही दृष्टीने पाहण्यासारखं आहे. २६ जानेवारीला आपली राज्यघटना अमलात आली. तिच्या कलम २९ (२) प्रमाणे सरकारी किंवा अनुदानित शिक्षणसंस्थेत केवळ धर्म, वंश, जात, भाषा या कारणांवरून प्रवेश नाकारता येत नाही. म्हणजे जिथे पोचायला अमेरिकेत इतके खटले लागले, ते आपण एका वाक्यात लिहून टाकलं. पण ते वाक्य प्रवेशाचं आहे. वर्गाशेजारच्या खोलीबद्दल ते काही बोलत नाही. आम्ही शिकवत होतो त्या एका कॉलेजात प्रवेशाची यादी लागे, तीत नावापुढे प्रवर्ग छापलेला असे. पंधरा दिवसांत बाकं वाटली जात. कुणी सांगत नसे, कुणी पाटी लावत नसे. वसतिगृहाच्या खोल्यांचंही तेच.

याबद्दलही मॅकलॉरिन निकालात एक तुकडा आहे, तो सहसा कुणी वाचत नाही. असा युक्तिवाद होऊ शकतो, की उद्या निर्बंध उठवले तरी गोरी मुलं याच्याशी बोलणार नाहीतच, मग फायदा काय? न्यायालयाने म्हटलं, राज्याने एकत्र यायला बंदी करणं आणि माणसांनी स्वतःहून न मिसळणं यांत फार मोठा फरक आहे. निर्बंध उठले तर निदान आपल्या गुणांवर सहाध्यायांची मनं जिंकण्याची संधी त्याला राहील. हे उत्तर कायद्याच्या दृष्टीने चोख आहे. पण त्यातली एक गोष्ट आम्हाला खुपते. मनं जिंकायचं काम पुन्हा कुणावर पडलं? जो कठड्याआड बसला होता त्याच्यावरच.

स्वेटचं पुढे काय झालं ते ऐकलं की हे लक्षात येतं. १९५० च्या सप्टेंबरात तो टेक्सासच्या कॉलेजात दाखल झाला. तोवर चार वर्षांच्या कोर्टकचेरीने तो थकला होता. प्रकृती बिघडली, संसार मोडला, आणि १९५२ मध्ये पदवी न घेताच त्याने कॉलेज सोडलं. नंतर अटलांटा विद्यापीठातून त्याने समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतली आणि त्याच क्षेत्रात काम केलं. खटला जिंकलेला हा माणूस वकील झाला नाही. ह्यूस्टन यांनाही निकाल पाहायला मिळाला नाही, ते एप्रिल १९५० मध्येच गेले.

एडा लोइस सिप्युएल मात्र टिकली. १९४९ च्या उन्हाळ्यात तिला ओक्लाहोमाच्या वकिलीच्या कॉलेजात प्रवेश मिळाला, तोही सगळ्यांच्या मागे, वेगळ्या खुर्चीत. ती पदवीधर झाली, तिने वकिली केली, शिकवलं. १९९२ साली, ज्या विद्यापीठाने तिला दार बंद केलं होतं, त्याच विद्यापीठाच्या नियामक मंडळावर तिची नेमणूक झाली.

वेळ झाली आहे. ब्राउन खटला पुढच्या व्याख्यानात घेऊ. आता तुमचे प्रश्न असतील तर विचारा, मागे बसलेल्यांपासून सुरुवात करू या.