जमिनीवरचे अवकाश

उन्हातून आलेला माणूस झाडाखाली टेकला की वाऱ्याच्या एका झुळकीने त्याला बरे वाटते. अवकाशात ही झुळूक नाही. यानाची सूर्याकडची बाजू तापत राहते, सावलीतली गारठत जाते; उष्णता वाहून न्यायला हवा नाही, ती केवळ किरणांच्या रूपानेच बाहेर पडते. बरे, वर काही बिघडले तर दुरुस्तीला जाणार कोण? म्हणून यानाची परीक्षा आधी खालीच घ्यावी लागते.

त्यासाठी अमेरिकेत ह्यूस्टन येथे १९६० नंतरच्या दशकात एक प्रचंड कोठी बांधण्यात आली. आतली जागा ५५ फूट रुंद, ९० फूट उंच; दरवाजा ४० फूट व्यासाचा. आतली हवा उपसली की बाहेरची हवा त्या एका दरवाजावर सुमारे १,२०० टन भाराने रेलते! सतराव्या शतकात जर्मनीच्या ओटो फॉन गेरिक याने दोन पोकळ अर्धगोल जुळवून आतली हवा काढली, तेव्हा ते घोड्यांनाही ओढून वेगळे करता येईनात. तोच हा दाब. चौकोनी डब्याच्या भिंती त्याने आत वाकतील; गोल भिंतीवर मात्र तो सारखा वाटला जातो. म्हणून कोठी गोल.

आता थंडी कशी आणायची? आत दुसरी भिंत उभी करून तिच्यातून उणे १९६ अंशांचा द्रवरूप नायट्रोजन खेळवतात. यानाची उष्णता ही भिंत शोषून घेते. उन्हाच्या जागी प्रखर दिवे.

१९६८ साली अपोलो यानाचा नमुना, आत तीन माणसे बसवून, येथे तपासला गेला. पुढे २०१७ साली जेम्स वेब दुर्बिणीची पाळी आली. तिला तर याहून कडक थंडी हवी. म्हणून हेलियमने गार केलेली आणखी एक भिंत आत बसवली होती. परीक्षा ऐन रंगात असताना ऑगस्टमध्ये हार्वे वादळ आले, शहर पाण्याखाली गेले. तरी माणसे जागेवरून हलली नाहीत. रात्रंदिवस काम चालू राहिले. कारण ही दुर्बीण १५ लाख किलोमीटरांवर जायची होती. तिथे मागाहून चूक सुधारता येत नाही.

२५ डिसेंबर २०२१ रोजी ती निघाली, आणि २०२२ च्या जुलैत तिची पहिली चित्रे जगाने पाहिली. पेरणीआधी बियाणे पारखून घेणाऱ्या शेतकऱ्याला यातले मर्म वेगळे सांगायला नको.