उस्मानाबादचा पुरावा, महाड-पोलादपूरचा प्रश्न

१/ १९९९ साली तत्कालीन उस्मानाबाद (आजच्या धाराशिव) जिल्ह्यातील खेड्यांत एक मोठा अभ्यास सुरू झाला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया त्यात होत्या. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू तुटपुंज्या साधनांनिशी टाळता येतात का, हा त्याचा प्रश्न होता.

२/ १९४० च्या दशकात जॉर्ज पापानिकोलाऊ यांची पेशीतपासणी पुढे आली आणि पाश्चात्त्य देशांत तिने पुष्कळ जीव वाचवले. मात्र तिला प्रयोगशाळा आणि प्रशिक्षित तज्ज्ञ लागत, शिवाय स्त्रीला ठरावीक वर्षांनी पुन्हा बोलवावे लागे. भारतातील खेड्यांत यांपैकी काहीच नव्हते.

३/ उस्मानाबादशेजारच्या बार्शीत नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय होते. १९८७ पासून तेथे ग्रामीण भागातील कर्करोगाची नोंद ठेवली जाई. हे रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक केंद्र आणि फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी अभ्यास उभारला. पैसा गेट्स फाउंडेशनच्या अनुदानातून आला.

४/ गावांचे ५२ समूह करून ते चार गटांत विभागले गेले. एका गटात एचपीव्ही विषाणूची एकच चाचणी, दुसऱ्यात पेशीतपासणी, तिसऱ्यात ॲसिटिक आम्ल लावून डोळ्यांनी पाहणी झाली. चौथ्या गटाला केवळ माहिती आणि नेहमीची आरोग्यसेवा मिळाली.

५/ निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. एचपीव्ही गटातील ३४,१२६ स्त्रियांपैकी ३४ जणी या रोगाने दगावल्या. चौथ्या गटातील ३१,४८८ पैकी ६४. आयुष्यातील एका चाचणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. चौथ्या गटाला तपासणीविना ठेवणे न्याय्य होते का, यावर पुढे तीव्र वाद झाला.

६/ आता रायगडकडे वळू. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली. रायगड त्यांपैकी एक. पिवळ्या व केशरी शिधापत्रिकेवरील कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतचे उपचार मिळू लागले. कर्करोगही त्यात होता. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले.

७/ हा पैसा रुग्ण इस्पितळात दाखल झाल्यावर मिळतो. गर्भाशयमुखातील आरंभीचा बदल मात्र दुखत नाही. पोलादपूरच्या डोंगरवाडीतील स्त्री रक्तस्राव होईपर्यंत दवाखान्याची पायरी चढत नाही, आणि तोवर रोग बहुधा पुढे गेलेला असतो.

८/ तपासणीसाठी केंद्राने २०१६ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या: तिशीनंतर दर पाच वर्षांनी ॲसिटिक आम्लाची चाचणी. खर्चाची वाटणी केंद्र ६०, राज्य ४०. २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने २०३० साठी उद्दिष्टे ठरवली: ९० टक्के मुलींना लस, ७० टक्के स्त्रियांची तपासणी, ९० टक्के रुग्णांना उपचार.

९/ २०११ च्या जनगणनेत महाड व पोलादपूर तालुक्यांची मिळून लोकसंख्या सुमारे सव्वादोन लाख होती. येथील सर्व वयांच्या स्त्रिया मोजल्या तरी संख्या उस्मानाबादच्या अभ्यासाहून कमीच भरेल. तेव्हा संख्येचा डोंगर ही अडचण नव्हे.

१०/ अडचण सातत्याची आहे. अनुदान संपते, अभ्यास संपतो. तिशी ओलांडणाऱ्या स्त्रिया मात्र दरवर्षी नव्याने येतात. चाचणीचे साहित्य, प्रशिक्षित परिचारिका, दोष आढळलेल्या स्त्रीचा एसटीभाडे धरून पुढचा प्रवास, भातलावणी टाळून ठरवलेल्या तारखा: या साऱ्यांची तरतूद दरवर्षीच्या अंदाजपत्रकात झाली, तरच उस्मानाबादच्या स्त्रियांनी दिलेला पुरावा सावित्रीच्या खोऱ्यात कामी येईल.