शरभंगाचे पाणी

जपानच्या सहलीचा आराखडा मांडू लागले की फुजी आणि क्योतो यांच्या पाठोपाठ 'ओन्सेन' हा शब्द येतोच. भूगर्भातून आपसूक वर येणारे ऊन पाणी, भोवती लाकडी घर, बाहेर बर्फ, आणि त्या पाण्यात गळ्यापर्यंत बसलेले शांत देह असे ते चित्र आहे. चित्र खोटे नाही. परंतु त्यातून काही देह पद्धतशीरपणे पुसले गेले आहेत, असे आम्हांस वाटते. ते ओळखण्यासाठी विमानच पकडावे लागते असे नाही. नांदेडहून मुदखेड, भोकर, हिमायतनगर या मार्गाने किनवटला जाणारी गाडीही पुरते.

किनवट तालुक्यात पैनगंगेकाठी उनकेश्वर आहे. महादेवाचे देऊळ, शेजारी गंधकयुक्त उन्ह पाण्याची कुंडे, आणि त्या पाण्याने त्वचारोग जातो, विशेषतः महारोग जातो, ही पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा. 'ऊन' हा शब्द संस्कृत 'उष्ण'चा वंशज. पालीजवळचे उन्हेरे, दापोलीकडचे उन्हवरे, राजापूरचे उन्हाळे, जळगाव जिल्ह्यातले उनपदेव ही सारी त्याच शब्दाची लेकरे आहेत आणि उनकेश्वरही त्याच घरातले दिसते. कोकणातल्या झऱ्यांची एक लांब ओळच आहे. मराठवाड्याच्या वाट्याला मात्र हे एवढेच मोठे नाव आले.

येथे ज्वालामुखी नाही. दख्खनचा लाव्हा थिजून साडेसहा कोटी वर्षे होऊन गेली. पावसाचे पाणी खडकांच्या भेगांतून खोल उतरते, तेथील उष्णता घेते आणि वाट मिळेल तेथून वर येते, इतकेच. जपानची गोष्ट वेगळी. तेथे जमिनीखालची भट्टी अजून पेटलेली आहे. गंमत अशी की १९४८ च्या जपानी कायद्यानुसार उगमाशी २५ अंश सेल्सिअस उष्ण असलेले पाणी ओन्सेन ठरते, आणि त्याहून थंड असले तरी ठरावीक द्रव्यांपैकी एखादे त्यात पुरेसे असले की भागते. हा निकष आपल्याकडे लावला तर लातूरची जवळजवळ प्रत्येक विंधनविहीर ओन्सेन ठरेल. लातूरची अडचण निराळी होती: एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ते पाणीच उरले नव्हते म्हणून. असो.

उनकेश्वरची कथा अशी सांगतात की येथे शरभंग ऋषींचा आश्रम होता, त्यांना कुष्ठ झाले होते, आणि वनवासात आलेल्या रामाने बाण मारून हे पाणी काढले. उनपदेवालाही शरभंगाचेच नाव सांगतात. वाल्मीकींच्या अरण्यकांडात शरभंग आहे, पण त्याचा रोग नाही. तेथे तो वृद्ध तपस्वी रामाचे दर्शन होताच अग्नीत प्रवेश करतो. अग्नी त्याचे केस, जीर्ण त्वचा, हाडे, मांस सारे जाळतो आणि त्यातून तेजस्वी तरुण देह बाहेर येतो. लोककथेने या प्रसंगात दोनच फेरफार केले. अग्नीच्या जागी ऊन पाणी आणले आणि जीर्ण त्वचेच्या जागी रोगी त्वचा. ऋषी स्वर्गाला जायचा तो येथेच बरा होऊन राहिला. ज्यांना गावाने वेशीबाहेर काढले त्यांना एवढाच स्वर्ग हवा होता, हे ज्याने कोणी ही कथा प्रथम रचली त्याला ठाऊक असले पाहिजे.

वेशीबाहेर काढण्याला कायद्याचेही बळ होते. ब्रिटिश हिंदुस्थानातल्या १८९८ च्या कुष्ठरोगी कायद्याने, सरकारी अधिसूचना निघाल्यास, स्थानिक नियमांनी मना केलेल्या सार्वजनिक विहिरीवर वा तळ्यावर रोग्याने आंघोळ करणे, कपडे धुणे, पाणी भरणे हा अपराध ठरवला होता. हा कायदा रद्द व्हायला २०१६ साल उजाडले. पाण्यावरची बंदी आपल्याला नवी नाहीच. महाडचे चवदार तळे १९२७ चे, आणि त्याच महाड तालुक्यात सवचे उन्हाळेही आहे. किनवट तेव्हा निजामाच्या राज्यात, १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात. जवळच्या निजामाबाद जिल्ह्यात डिचपल्लीला इझाबेल कर या मिशनरी डॉक्टर बाईंनी १९१५ मध्ये कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालय उभे केले. तेथे कडू कवठीच्या वर्गातल्या बियांचे तेल टोचून उपचार होत.

पाण्याने कुष्ठ बरे होत नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. त्याचा जंतू हान्सेनने १८७३ मध्ये दाखवला, १९४० च्या दशकात डॅप्सोन आले, १९८० च्या दशकात बहुविध औषधोपचार आला आणि रोग खरोखर बरा होऊ लागला. शिवाय या रोगात हातापायांची संवेदना जाते. कढत पाणी भाजते आहे हे रोग्याला कळतच नाही. कोरड्या, भेगाळलेल्या कातडीला भिजवण्याने आराम पडतो हे खरे, पण त्याला साधे गार पाणी पुरते. तरीही रोगी अशा झऱ्यांकडे येत राहिले, कारण तेथे त्यांना कोणी हाकलीत नसे. कुंडाचा खरा गुण गंधकात नसून या मुभेत होता, असे आमचे मत आहे.

आता जपानकडे वळू. गुन्मा प्रांतातल्या कुसात्सूचे पाणी इतके आम्ल आणि इतके कढत की लांब फळ्यांनी ढवळून ते निववावे लागते. एर्विन बेल्त्स या जर्मन डॉक्टरने त्याची कीर्ती युरोपात नेली. तेथेही कुष्ठरोगी देशभरातून येत. गाव भरभराटीला येऊ लागले तसे हे शेजारी गैरसोयीचे झाले, आणि १८८७ मध्ये त्यांना गावाच्या कडेला युनोसावा या वस्तीत हलवले गेले. १९१६ मध्ये मेरी कॉर्नवॉल ली ही इंग्रज मिशनरी तेथे राहायला आली. वस्ती होती, तरी ती रोग्यांची स्वतःची होती. घरे होती, संसार होते. १९३१ च्या कायद्याने सक्तीचे विलगीकरण आले, १९३२ मध्ये कुर्यू राकुसेनएन हे सरकारी आश्रयस्थान उघडले आणि १९४१ मध्ये युनोसावा मोडून टाकली. राकुसेनएनच्या आवारात १९३८ ते १९४७ या काळात एक कोठडी होती. 'अवज्ञा' करणाऱ्या ९३ रोग्यांना तेथे डांबले आणि त्यांतले २३ दगावले. कुसात्सूचा हिवाळा कसा असतो, हे सहलीची पत्रके कौतुकाने सांगतातच.

विलगीकरणाचा कायदा १९९६ मध्ये रद्द झाला. २००१ मध्ये कुमामोतोच्या न्यायालयाने तो घटनाबाह्य होता असे ठरवले. आणि नोव्हेंबर २००३ मध्ये त्याच कुमामोतोतल्या कुरोकावा ओन्सेनच्या एका हॉटेलाने, कधीच बऱ्या झालेल्या वृद्धांना खोल्या नाकारल्या. इतर पाहुण्यांना अवघडल्यासारखे होईल, म्हणून. वृद्धांनी हॉटेलची माफी स्वीकारली नाही तेव्हा त्यांनाच शिवीगाळीची पत्रे आली.

ओन्सेनमध्ये आधी अंग स्वच्छ धुऊन मगच पाण्यात उतरायचे, तेही विवस्त्र. कपड्यांबरोबर पद आणि पैसा खुंटीवर राहतो, असे त्याचे गोडवे गातात. पण उघडे अंगच तर तपासले जाते! गोंदलेल्यांना आजही अनेक ठिकाणी मज्जाव आहे. २०१३ मध्ये होक्काइदोत हनुवटीवर पारंपरिक गोंदण असलेल्या एका माओरी बाईंना परत पाठवले होते. किनवटच्या गोंड-कोलाम पाड्यांवरची, हातभर गोंदलेली एखादी आजी त्या दारातून आत जाऊ शकली असती का, याची आम्हांस शंका आहे.

तेव्हा ज्यांचा बेत ठरलाच आहे त्यांनी कुसात्सूला एक रात्र अधिक राहावे. राकुसेनएनलगत २०१४ पासून त्या कोठडीचे संग्रहालय आहे; त्यात कोठडीचा एक भाग मूळ मापात पुन्हा बांधून दाखवला आहे. सकाळी ते पाहावे, पाण्यात संध्याकाळी उतरावे. आणि निघण्यापूर्वी एखाद्या रविवारी माहूर करून उनकेश्वरला जावे. साबण मात्र घरी ठेवावा.