जस्ताचा हात राहिला : एका आगीचा घटनाक्रम

कारखाना कल्पित आहे, घड्याळ आमचं. रसायन मात्र खरं.

सोमवार, सकाळी 10. आगीला 22 तास.
जेट मिलमध्ये समेरियम-लोह-नायट्राइड नायट्रोजनच्या झोतात दळलं जातंय. कण तीन मायक्रॉनचे. हे चुंबकद्रव्य डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात माइक कोई आणि हाँग सन यांनी 1990 मध्ये पुढे आणलं. त्याचं चुंबकत्व 476 अंश सेल्सिअसपर्यंत टिकतं. निओडिमियम चुंबकाचं 312 लाच संपतं. मेख एकच. 600 अंशांच्या आसपास हे संयुगच फुटतं, त्यामुळे निओडिमियमच्या भुकटीसारखं हजार अंशांवर भाजून त्याचा ठोकळा करता येत नाही. बहुतेक वेळा ही भुकटी प्लास्टिकमध्ये कालवून साच्यातच घालावी लागते.

कण अगदी गोल धरले तरी एक किलो भुकटीचा पृष्ठभाग भरतो 260 चौरस मीटर. पुरुषांच्या कबड्डीची दोन मैदानं. तेवढ्या सगळ्या जागेवर हवेला शिरकाव.

दुपारी 2. आगीला 18 तास.
खरा घात इथेच होतो, आणि तोही बैठकीत, चहा घेताना. हवा अडवण्यासाठी कणांना जस्ताचा लेप देणारी भट्टी दुसऱ्या मालात अडकलेली, ऑर्डर उद्याची. "नायट्रोजनमध्येच आहे ना माल? मग एका रात्रीने काय होतंय?" साहेब विचारतात. जस्ताचा हात न देताच ड्रम भरायचं ठरतं.

साहेबांची बाजूही अगदीच पोकळ नाही. जस्त चुंबक नव्हे. ते जेवढी जागा अडवेल तेवढं चुंबकत्व कमी. लेप 100 नॅनोमीटरचा झाला तर प्रत्येक कणाचा साडेसतरा टक्के भाग जस्ताचा होतो. चुंबकाची ऊर्जा वर्गाच्या हिशेबाने घटते, म्हणजे तिसरा हिस्सा गेलाच. पण 10 नॅनोमीटरच पुरले तर? मग किलोमागे जेमतेम 19 ग्रॅम जस्त आणि घनफळात दोन टक्क्यांची तूट. लेप हवा की नको हा वाद फोल आहे. तो इतका पातळ आणि तरीही अखंड कसा बसवायचा, हे खरं दुखणं. ओसाकात 1990 च्या दशकात त्यासाठी डायएथिल झिंक प्रकाशाने फोडून कणांवर जस्त उतरवलं. गंमत म्हणजे हवेपासून वाचवणारं हे रसायन स्वतःच हवा लागताच पेटतं.

जस्त नुसतं पांघरूण घालत नाही. 420 अंशांच्या सुमारास ते वितळतं आणि कणाच्या अंगावर आधीच सुटं झालेलं लोखंड पोटात घेऊन त्याचा निरुपद्रवी मिश्रधातू करतं. जस्ताने उलट चुंबकक्षेत्राला तोंड देण्याची ताकद वाढते हे डब्लिनच्याच मंडळींनी 1991 मध्ये दाखवलं होतं.

संध्याकाळी 7. आगीला 13 तास.
ड्रमच्या झाकणाचं रबर एका जागी चिरलेलं. ऑक्सिजन मोजणारा मीटर मिलवर आहे, गोदामात नाही.

रात्री 1. आगीला 7 तास.
ड्रमच्या तोंडाशी असलेला माल चुंबक म्हणून बाद झालाय. कुणाला पत्ता नाही. आधी समेरियमला ऑक्सिजन लागतो. ते ऑक्साइड होऊन बाजूला पडतं आणि मागे उरतं साधं, मऊ लोखंड. उलटं चुंबकक्षेत्र आलं की हे लोखंड पहिलं फितूर होतं, आणि तिथून सुरू झालेली उलथापालथ सगळ्या कणात पसरते. कणाच्या अंगावर एवढासा चट्टाही त्याला पुरतो. भुकटी दिसायला तशीच करडी. चुंबकत्व मोजलं तरी फारसा फरक सापडणार नाही. कोअर्सिव्हिटी, म्हणजे उलट क्षेत्राला दाद न देण्याची ताकद, मोजली तरच चोरी उघडी पडेल.

मंगळवार, सकाळी 7.30. अर्धा तास.
पहिल्या पाळीचा ऑपरेटर झाकण काढून वरची चमचाभर भुकटी ट्रेवर घेतो. धूर नाही, ठिणगी नाही. माल शांत आहे, असा निर्वाळा. पण रात्रभर झिरपलेल्या हवेने वरचा थर आधीच निर्ढावलाय. तळचा माल कोराच आहे. नमुना नेमका जिथून घ्यायला नको तिथून घेतला गेला.

सकाळी 8.
ड्रम मिक्सरमध्ये उलटा होतो. कोऱ्या भुकटीला एका दमात हवा मिळते आणि ढिगाच्या कडेने लाल रेघ पळत सुटते. कुणीतरी पाण्याच्या पाइपकडे धावतो. "पाणी नको! वाळू आणा, कोरडी वाळू!" हे ओरडणं वेळेवर झालं म्हणून छप्पर शाबूत राहतं, कारण जळतं समेरियम पाण्यातला ऑक्सिजन घेतं आणि हायड्रोजन मोकळा सोडतं.

सकाळी 11.
नोंदवहीत एकच ओळ: "8.00, आग." ट्रेवरच्या न जळलेल्या भुकटीच्या चुंबकत्वाचा आलेख काढला, तर शून्य क्षेत्राच्या जवळच रेषा मोडलेली दिसते, मऊ लोखंडाची ती सही. आता जस्त लावून तापवू या, अशी सूचना येते. थोडी ताकद परत येईलही, लोखंड तेवढं जस्तात जिरेल. ऑक्साइड झालेलं समेरियम मात्र चुंबकात परतणार नाही, आणि भुकटीच्या वजनात तेच 23 टक्के आहे. 4 एप्रिल 2025 पासून चीनच्या निर्यात-नियंत्रणाच्या यादीत समेरियमचंही नाव असल्यामुळे खरेदी विभागाचा पहिला प्रश्न आगीबद्दल नसतो: वाळूतून किती वेचता येईल?