१८ जुलै १९७८ : पुलोद मंत्रिमंडळ

वसंतदादा पाटील यांचे सरकार कोसळल्यावर १८ जुलै १९७८ रोजी शरद पवार महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले. तेव्हा त्यांनी चाळिशीही गाठली नव्हती. पुरोगामी लोकशाही दलाच्या या सरकारात काँग्रेसमधून फुटलेला गट, जनता पक्ष व शेतकरी कामगार पक्ष एकत्र आले. सुंदरराव सोळंके उपमुख्यमंत्री होते. पूर्वाश्रमीचे जनसंघी उत्तमराव पाटील व हशू अडवाणी, समाजवादी सदानंद वर्दे आणि शेकापचे एन. डी. पाटील व गणपतराव देशमुख एकाच मंत्रिमंडळात बसले, हे त्याचे खरे वैशिष्ट्य. पुणे जिल्ह्याकडे मुख्यमंत्रिपदाखेरीज गृहराज्यमंत्रिपदही होते. ते भाई वैद्यांनी सांभाळले. इंदिरा गांधी केंद्रात परतल्यावर फेब्रुवारी १९८० मध्ये हे सरकार बरखास्त झाले.