हाइथचा नेमबाजीचा मास्तर

बंदूक मोठी की ती धरणारा हात मोठा, या प्रश्नाचा निकाल तर्काने लावण्यापेक्षा एका जुन्या हिशेबाकडे पाहावे, असे आम्हांस वाटते. हा हिशेब इंग्रजांचा आहे आणि त्याचा आरंभ दक्षिण आफ्रिकेत झाला.

१५ डिसेंबर १८९९ रोजी कोलेन्सो येथे बोअर शेतकऱ्यांनी इंग्रजांच्या दहा तोफा काबीज केल्या. गांधीजींच्या हिंदी शुश्रूषा पथकाने जखमींच्या डोल्या वाहिल्या त्या याच रणांगणावरून. बोअरांजवळ चांगली हत्यारे नव्हती असे मुळीच नाही. क्रूगरच्या सरकारने लढाईपूर्वीच जर्मनीहून सुमारे ३७ हजार माउझर बंदुका आणविल्या होत्या. पण इंग्रज शिपायाची रायफलही काही टाकाऊ नव्हती. फरक होता तो नजरेचा. बोअर लहानपणापासून शिकारीत मुरलेला. इंग्रज शिपाई हुकमासरशी सर्वांबरोबर एकदम बार काढावयास शिकलेला. कोणावर, हे पाहण्याचे त्याला फारसे कारणच पडत नसे.

या अनुभवानंतर इंग्रजांनी नवी आखूड रायफल काढली खरी. पण महत्त्वाचे काम झाले ते केंट परगण्यातील हाइथ येथे. तेथे १८५३ सालापासून लष्कराची बंदुकीची शाळा होती. १९०५ ते १९०९ या काळात नॉर्मन मॅकमहॉन हा तिचा मुख्य शिक्षक. गंमत अशी, की या गृहस्थालाही आधी यंत्रच हवे होते! पलटणीला दोनच मशिनगन मिळत. त्या वाढवाव्यात म्हणून त्याने खटपट केली. सरकारने पैसे दिले नाहीत. तेव्हा यंत्राचे काम साध्या शिपायाच्या हातून करवून घ्यावे, असे त्याने मनावर घेतले. मिनिटाला पंधरा नेमके बार, तेही ३०० यार्डांवर! रायफलीत दहाच काडतुसे मावत; म्हणजे मध्येच पाच काडतुसांची पट्टी भरावयाची आणि नेम ढळू द्यावयाचा नाही. बराकीत खोटी काडतुसे घेऊन भरण्याची तालीम चाले. नुसत्या डोळ्यांनी अंतर अजमावावयास शिकवीत. नेमबाजीत जो उतरणार नाही, त्याचा भत्ता घटे. पोटाशी गाठ पडली की विद्या लवकर येते, हे काय सांगावयास हवे?

२३ ऑगस्ट १९१४ रोजी मोन्सच्या लढाईत मॅकमहॉनची स्वतःची पलटण नीमीच्या पुलापाशी होती. संख्येने कितीतरी मोठ्या जर्मन फौजेला इंग्रजांनी त्या कालव्यावर काही तास थोपविले. समोर सगळ्या मशिनगनच आहेत असे जर्मनांना वाटले, ही गोष्ट इंग्रजी पुस्तकांतून येते. जर्मन कागदपत्रांत तिला फारसा आधार सापडत नाही. म्हणून आम्ही ती जपूनच सांगतो.

उत्तरार्ध मात्र कडू आहे. त्याच हिवाळ्याच्या तोंडाशी ईप्र येथे ही शिकविलेली फौज बव्हंशी खपली. माणसे इतकी कमी पडली, की २८ ऑक्टोबरला न्यूव्ह शापेल गावावर आपल्या खडकीच्या सॅपर्सना, म्हणजे पूल बांधणाऱ्या आणि सुरुंग लावणाऱ्या शिपायांना, पायदळासारखे संगिनी रोखून धाडावे लागले. ११ नोव्हेंबरला मॅकमहॉन स्वतः पडला. इंग्लंडात लाखो तरुण भरती झाले. पुष्कळांनी आरंभी लाकडी बंदुकांवर कवायत केली. पुढे कारखान्यांतून खऱ्या रायफली आल्या. त्या हाती पडेपर्यंत हाइथच्या तालमीत तयार झालेल्यांपैकी पुष्कळजण फ्लँडर्सच्या मातीत गेले होते.